मोंब्रेल गावचं पाणी

लंडनच्या आपल्या मंडळाच्या अंकात आजवर डॉक्टरांविषयी पुष्कळ लिहून आलं आहे. मी शशिधर घागविषयी लिहितो. तो रस्त्याच्या कडेचे कर्ब बसवायचा. मीही तेच करायचो. वेम्बलीच्या आसपासच्या रस्त्यांवर आम्ही एकोणीस वर्षं जोडीने काम केलं.

काँक्रीटचा एक कर्ब पासष्ट किलोचा. दोघांनी चिमट्याने उचलायचा, ओल्या मालावर ठेवायचा आणि ठोकून दोरीला लावायचा. दिवसाला पन्नास बसले की काम झालं म्हणायचं. शशिधर पन्नासच बसवायचा आणि त्याचा एकही उपटावा लागायचा नाही. मला घाई असायची. माझे दोन-चार उपटावे लागले की तो म्हणायचा, "जयंता, घाम गाळायचा तर एकदाच गाळ."

पाऊस आला की बाकीचे व्हॅनमध्ये चहा प्यायला बसत. हा आदल्या दिवशीच्या कामापाशी जाऊन उभा राही. पाणी गटाराच्या जाळीकडे सरळ जातं की मध्येच थबकतं, ते बघायला. त्याला कुणी सांगितलेलं नसे आणि त्याचे पैसेही मिळत नसत.

तो दापोलीकडचा. चौसष्ट साली बायकोला, अलकावहिनींना, घेऊन इथे आला. पुढच्या वर्षी सुप्रभा झाली. ती एकुलतीच. सत्त्याहत्तरमध्ये वहिनी कॅन्सरने गेल्या तेव्हा सुप्रभा बारा वर्षांची होती. त्यानंतर शशिधर सकाळी तिचा डबा करून कामावर यायचा आणि संध्याकाळी तिचे केस विंचरायला घरी पळायचा. वेणी त्याला चांगली येत होती. दोरीला लावल्यासारखी सरळ.

पोरगी युनिव्हर्सिटीत फ्रेंच शिकली. एक वर्ष फ्रान्सला शाळेत शिकवायला गेली आणि तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी तिचं जमलं. पास्काल त्याचं नाव. गाई आणि सफरचंदाच्या बागा. ती हे सांगायला आली तेव्हा भिऊनच आली होती. शशिधरने पास्कालला घरी बोलावलं, जेवायला घातलं आणि मला म्हणाला, "हात बघितले मी त्याचे. कामाचे आहेत. पोर उपाशी राहणार नाही." सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये रजिस्टर लग्न झालं. तो त्या लग्नावर नाराज होता असं पुढे काही लोक बोलले. ते खोटं आहे. मी त्या दिवशी त्याच्या शेजारी उभा होतो.

सुप्रभा मोंब्रेलला राहायला गेली. नॉर्मंडीत समुद्रापासून तासाभरावर ते गाव आहे. पहिल्या डिसेंबरात ती वेम्बलीला आली, तेव्हा तिने बाबांसाठी एक पुस्तिका आणली. गावातल्या जुन्या मास्तरांनी लिहिलेला गावाचा भूगोल आणि इतिहास. छत्तीस पानं, स्टेपल मारलेली.

शशिधरला फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. दर शनिवारी तो ईलिंग रोडच्या लायब्ररीत डिक्शनरी घेऊन बसू लागला. फ्रेंचवरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून मराठी. कधी दोन ओळी व्हायच्या, कधी अर्धं पान. दोन हिवाळे लागले. शेवटी त्याच्या वहीत सगळं मोंब्रेल मराठीत उतरलं. वर त्याने शहरातल्या नकाशांच्या दुकानातून त्या भागाचा मोठा नकाशा आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला.

कामावर मला ते गाव रोज ऐकावं लागे. क्षेत्रफळ नऊ चौरस किलोमीटरला थोडं वर. सगळ्यात खालची जागा ओढ्यावरची गिरणी, समुद्रसपाटीपासून अठ्ठ्याऐंशी मीटर. सगळ्यात वरची पाण्याच्या टाकीची टेकडी, दोनशे सात. जमीन चिकण, खाली दगड. शेतं लहान आणि प्रत्येकाला झाडांचा बांध. गाव एका जागी नाही, सहा ठिकाणी विखुरलेलं. "म्हणजे वाड्याच की रे," तो म्हणायचा. "आपल्याकडे भंडारवाडी, तेलीवाडी, तसं." सुप्रभाचं घर टेकडीच्या दक्षिण उतारावरच्या वाडीत होतं. "जागा चांगली आहे. पावसाचं पाणी घरामागून ओढ्याला जातं. भिंतीला ओल नाही यायची."

लोकसंख्या त्याला पाठ होती. अठराशे छत्तीस साली सहाशे चाळीस माणसं. मग उतरतच गेली. पुरुष दर वसंतात पॅरिसला दगडकामाला जात आणि थंडीत परत येत. पुढे परत येईनासे झाले. "चाकरमानी," शशिधर म्हणायचा. "आपलीच जात." चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये लढाई गावावरून गेली. चर्चचा मनोरा पडला आणि अकरा माणसं गेली. एकोणऐंशीत शाळा बंद झाली. नव्वदच्या शिरगणतीत दोनशे एकोणीस माणसं उरली, हा आकडा सुप्रभाने फोनवर कळवलेला.

"त्या दोनशे एकोणिसात आपली एक आहे," तो म्हणाला.

"एवढं सगळं पाठ केलंस, तर एकदा जाऊन बघ की," मी म्हणायचो.

"जाईन. पाळणा हलू दे."

हे इथे नीट सांगायला हवं. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी बाप पाणी पीत नाही. दिलेल्या लेकीकडून काही घ्यायचं नाही, असं त्यामागे आहे. आता हे फारसं कुणी पाळत नाही. शशिधर पाळायचा, त्याला कारण होतं. अलकावहिनींचे वडील दापोलीला लेकीकडे आले की स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे. एकदा भर उन्हात सात मैल चालून आले आणि तांब्या वाटेतच संपला. शशिधरच्या आईने फार आग्रह केला म्हणून ते घोटभर प्याले. पुढच्या महिन्यात वहिनींचं पोटातलं मूल गेलं. त्या घोटाचा आणि मुलाचा काही संबंध नाही, हे मला कळतं. शशिधरलाही कळत होतं. पण हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात वहिनींनी त्याचा हात धरून सांगितलं होतं, "सुप्रभाच्या बाबतीत हे पाळा." तो हो म्हणाला होता.

सुप्रभाला यातलं काही माहीत नव्हतं. ती इथे जन्मली, इथे वाढली, मराठीही मोडकंतोडकं, आणि आई लवकर गेली. असलं कुणी बाप लेकीला समजावून सांगत नाही. ते आईचं काम. माझी बायको नंदा सांगू शकली असती. तिला वाटलं, माहीत असेल. सुप्रभा दर डिसेंबरात विचारायची, "बाबा, तुम्ही कधी येणार?" आणि तो म्हणायचा, "पाळणा हलला की आलोच." तिला वाटायचं, बाबांना नातवंडाची घाई आहे. एकदा ती नंदाजवळ रडली होती. दोनदा दिवस जाऊन मूल टिकलं नव्हतं. बाबांना सांगू नका म्हणाली. नंदाने सांगितलं नाही.

नव्वदच्या डिसेंबरात ती आली नाही. गाईंची निमित्तं सांगितली. एक्क्याण्णवच्या एप्रिलमध्ये तिचं इंग्रजीतलं पत्र आलं. बाबा, या वेळी नाही म्हणू नका. मला काही सांगायचं आहे, ते फोनवर सांगता येत नाही. तुम्ही इथे यायला हवं, बघायला हवं.

शशिधर ते पत्र घेऊन माझ्याकडे आला. चेहरा फुललेला.

"दिवस गेलेत," तो म्हणाला. "बघायला या म्हणते म्हणजे दिसत असणार. चल, तुझी व्हॅन काढ."

"मूल व्हायचंय अजून. जाशील?"

"जायला काय हरकत आहे? पाणी आपलं न्यायचं."

मे महिन्यात आम्ही पोर्ट्समथहून बोटीने गेलो. नंदाने त्याला दोन दिवसांच्या पोळ्या आणि चटणी बांधून दिली. कामावरचा थर्मास त्याने घरच्या नळावर भरला, शिवाय पाच लिटरचा कॅन. रात्री लेकीकडे राहायला नको म्हणून जवळच्या शहरात खोली घेतली. सुप्रभाला फोनवर म्हणाला, "जयंताकाका घोरतो गं, तुम्हाला झोप यायची नाही." मी घोरत नाही.

शनिवारी दहाच्या सुमाराला आम्ही मोंब्रेलला पोचलो. जेवण साडेबाराला होतं. त्याने व्हॅन चर्चपाशी लावायला सांगितली आणि नकाशा न उघडता मला गाव दाखवायला निघाला. जन्म तिथे गेल्यासारखा चालत होता. पडलेला मनोरा दुसऱ्या रंगाच्या दगडात बांधलाय तो. बंद शाळा ती. बायका कपडे धुवायच्या ते दगडी कुंड हे. तिथे तो उकिडवा बसला आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघत राहिला. "पुस्तकात मास्तर चुकलाय," तो म्हणाला. "झरा वरच्या बाजूला आहे, डावीकडून नाही." एक म्हातारा सायकल थांबवून आमच्याकडे बघत होता. शशिधरने त्याला बोंजूर म्हटलं. म्हातारा भराभर काहीतरी बोलला. शशिधर मला म्हणाला, "वाचायला येतं रे. ऐकायला नाही येत."

मग चढाच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला कमरेएवढी दगडी भिंत होती. तिच्यावर हात ठेवून त्याने मला सांगितलं की ही गावाची दफनभूमी. आधी चर्चला लागून होती. तिथलं पाणी झिरपून विहिरीत जायचं, माणसं आजारी पडायची. म्हणून अठराशे अडुसष्ट साली ती इथे वर आणली. "बघ, इथून पाणी गावाकडे जातच नाही. कुणाला तरी उताराची अक्कल होती."

"आत जायचं का?" मी विचारलं.

"कशाला? आपलं कोण आहे तिथे? चल, पोर वाट बघत असेल."

सुप्रभा दारातच उभी होती. वाळली होती. पोट नव्हतं. शशिधरने ते पाहिलं, मीही पाहिलं. तिने वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "गाव बघितला?"

"बघितलं. तुझ्या मास्तरांनी झरा चुकवलाय."

ती हसली. "जेवल्यावर मी तुम्हाला एका ठिकाणी नेणार. फक्त आपण दोघं. मग सांगते."

स्वयंपाकघरात लांब टेबल होतं. पास्काल होता आणि त्याची आई होती, सत्तरीची. म्हातारीने आमच्यासाठी इस्त्रीचं टेबलक्लॉथ काढलं होतं. तिने पाव आणि चीज मांडलं. सुप्रभाने वरण, भात आणि बटाट्याची भाजी केली होती. तांदूळ आणायला ती चाळीस मैल गेली होती. हळद नंदाने पाठवलेली. वरणाला फोडणी चांगली बसली होती.

तिने बाबांचं ताट वाढलं आणि काचेच्या जगमधून ग्लासात पाणी ओतलं.

शशिधरने ग्लास हळूच बाजूला सरकवला. म्हणाला, "माझं पोट जरा बरं नाही. तुम्ही जेवा." मग पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात स्वतःचं पाणी ओतलं. लपवून करता येईल असं ते काम नव्हतं.

मी तिचा बाप नाही. मला बंधन नव्हतं. मी जेवत होतो.

"पोटाला काय झालं?" सुप्रभाने विचारलं. "सकाळी तर चालला एवढं. थोडा वरण-भात घ्या."

"नको."

"पाणी तरी घ्या. नळाचं आहे, चांगलं आहे."

"आहे माझ्याकडे."

म्हातारीने फ्रेंचमध्ये काही विचारलं. पास्काल पाव कापत राहिला. तिने पुन्हा विचारलं. सुप्रभा शशिधरकडे बघत म्हणाली, "त्या विचारतात, पाण्यात काय वाईट आहे. मी काय सांगू त्यांना?"

त्याने थर्मासचं झाकण जवळ ओढलं.

"काका जेवतात ना. मग तुम्हाला काय? आम्ही गाई मारतो म्हणून? त्यांनी हात लावला म्हणून?"

"तसं नाही गं पोरी."

"मग कसं? टेल मी, बाबा. काय ते बोला. मी त्यांना सांगते."

तो जे बोलेल ते तिला सासूसमोर फ्रेंचमध्ये म्हणावं लागणार होतं. तुझी कूस उजवलेली नाही म्हणून, असं बापाने लेकीच्या तोंडून तिच्या सासूला कसं ऐकवायचं? त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली ताटात बघितलं. मला वाटलं, बापाचं आहे, बापानेच सांगावं.

सुप्रभा उठली. ते भरलेलं ताट तिने उचललं आणि ओट्यावर ठेवलं. पाठमोरी म्हणाली, "तुम्हाला लांब जायचंय ना. उशीर नका करू."

बोट दुसऱ्या दिवशी होती. आम्ही दोन वाजता निघालो. ती दारापर्यंत आली. कुठे न्यायचं होतं ते बोलली नाही. पास्कालने माझा हात हातात घेतला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

वाटेत शशिधर एकदाच बोलला. "काहीतरी सांगायचं होतं रे तिला."

तीन आठवड्यांनी पास्कालचं पत्र आलं, मोडक्या इंग्रजीत. शशिधरने ते कामावर आणून मला वाचायला दिलं. त्याला वाचता येत होतं, पण मी वाचावं असं त्याला वाटलं. लिहिलं होतं, मार्चमध्ये मुलगी झाली. आठव्या महिन्यात. तिने श्वास घेतला नाही. सुप्रभाला बाबांना ती जागा दाखवायची होती. दफनभूमीत, उत्तरेकडच्या भिंतीला लागून, तिसरी. मी लिहू नये असं तिने सांगितलं आहे. मी लिहितो आहे.

शशिधर आम्ही नुकत्याच बसवलेल्या कर्बवर बसला. ओल्या मालावर बसू नये हे तो नव्या पोरांना शिकवायचा.

"त्या भिंतीला हात लावून गेलो आपण," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याचे चार कर्ब उपटावे लागले. मी उपटले. तो बाजूला उभा राहिला.

मी त्याला म्हटलं, आता तरी लिही तिला, का प्यालो नाहीस ते. तो म्हणाला, "काय लिहू? तुझं मूल जगावं म्हणून तुझं पाणी नाकारलं, असं? ते तर आधीच मातीत होतं." मी दोनदा-तीनदा म्हटलं, मग सोडून दिलं. दर रविवारी तो फोन करायचा. पास्काल उचलायचा आणि म्हणायचा, ती गोठ्यात आहे. ती डिसेंबरात येईनाशी झाली.

एक दिवस व्हॅनमध्ये जेवताना तो मला म्हणाला, "पुढच्या शिरगणतीत ती पोर येणार नाही ना?"

"नाही. कशी येणार?"

"मग मोंब्रेलच्या पुस्तकातही नाही येणार." आणि चटणी-पोळी तशीच डब्यात ठेवून झाकण लावलं.

त्र्याण्णवमध्ये आम्ही दोघंही रिटायर झालो. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात एक छापील कार्ड आलं. तिकडे मूल झालं की असं कार्ड पाठवतात. मुलगी, तीन किलो दोनशे, नाव एलीझ. पाकिटावर अक्षर पास्कालचं होतं. शशिधरने त्याच दिवशी ईलिंग रोडवरून चांदीचे वाळे आणले आणि बॅग भरली. आता त्याला त्या घरचं पाणी पिता येणार होतं. जेवता येणार होतं, राहता येणार होतं. मी म्हटलं, "व्हॅन काढतो." तो म्हणाला, "बोलावल्याशिवाय नको. गेल्या वेळी बोलावलं होतं आणि मी काय केलं." त्याने फोन केला. पास्काल म्हणाला, थोडं थांबा, ती येईल मार्गावर.

तो थांबला. चौदा महिने थांबला. पंचाण्णवच्या नोव्हेंबरात लायब्ररीतून येताना बसस्टॉपवर छातीत कळ आली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपला होता.

सुप्रभा आली, पास्काल आणि मुलीला घेऊन. क्रेमेटोरियममध्ये ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि नंदा तिला घर आवरायला मदत करायला गेलो. भिंतीवर नकाशा होता. कॉटखाली भरलेली बॅग होती. तिने ती उघडली. शर्ट, वाळे, दाढीचं सामान.

"कुठे जाणार होते?" तिने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. तिच्या आईचं पोटातलं मूल, आजोबांचा तो घोट, हॉस्पिटलातलं वचन, थर्मास कशासाठी होता ते. नंदा स्वयंपाकघरात रडत होती. सुप्रभा कॉटच्या कडेवर बसून ऐकत होती. मुलगी जमिनीवर खेळत होती.

माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मला वाटला, त्यांना माझी घाण वाटते."

"नाही गं."

"साडेचार वर्षं वाटला." मग तिने मान वर केली. "काका, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"होतं."

"तुम्ही तर टेबलावर होता. दोनदा भात घेतला."

"हो."

"मला बाहेर बोलवून सांगायला किती वेळ लागला असता?"

एकतीस वर्षं रस्त्यावर काम केलं. कुठल्या कामाला किती वेळ लागतो, ते मी कुणालाही खोटं सांगितलेलं नाही.

"एक मिनिट," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मुलीला जवळ घेतलं आणि तिला बूट घालायला लागली. पाय आत जात नव्हता. ती पुन्हा पुन्हा घालत होती. मदत करायला मी पुढे वाकलो, तेव्हा तिने हातानेच थांबवलं. मी बाजूला उभा राहिलो.